बर्फात धावायचंय? आधी घाम आवरायला शिका

बर्फातल्या शर्यतीत पहिल्यांदा उतरणारा माणूस बहुतेक वेळा थंडीशी लढायची तयारी करून येतो. जाड जाकीट, दोन पँट, लोकरीची कानटोपी, वर मफलर. सुरुवातीच्या रेषेवर तो मस्त उबेत असतो. तिसऱ्या किलोमीटरला घामाघूम होतो. बाराव्या किलोमीटरला पाय थकतात, वेग पडतो आणि तोच घाम त्याला आतून गारठवायला लागतो.

माझ्या पहिल्या शर्यतीत अगदी हेच झालं. अंगात सगळे कपडे ठेवूनच मी वीस मिनिटं जोरात वॉर्मअप केला. आतला टी-शर्ट ओलाचिंब झाला आणि मग शर्यत सुरू व्हायची वाट पाहत उघड्यावर उभा राहिलो. सहाव्या किलोमीटरला जाकिटाची चेन वर ओढायची होती, तर बोटांत तेवढीही पकड उरली नव्हती. शर्यत तिथेच सोडावी लागली. हवा त्या दिवशी उणे ७ अंश होती, म्हणजे बर्फाळ शर्यतींच्या मानाने बरीच सौम्य.

कारण सरळ आहे. धावताना स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात, त्यातली जेमतेम पाव हालचालीला लागते, बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणजे धावणाऱ्याला उबेची ददात नसते. पण पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला कपडा अंगाला चिकटला आणि शरीराची भट्टी मंदावली की पारा झरझर उतरतो. म्हणून पुढच्या सगळ्या सूचना तीन गोष्टींभोवती फिरतात: कोरडं राहणं, हलत राहणं आणि थांबताक्षणी कोरडं होणं.

हा लेख ज्यांना सलग १० किलोमीटर आरामात धावता येतं आणि बर्फात हाफ मॅरेथॉन करायची आहे, अशांसाठी आहे. दमा, हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा गारठ्यात बोटं पांढरी पडण्याचा त्रास असेल, तर नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांशी बोला. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो आणि कोरड्या गार हवेने श्वासनलिका आवळल्या जातात.

पायरी पहिली: शर्यत कुठल्या बर्फावर आहे ते ओळखा

'बर्फातली शर्यत' या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोची जानेवारीतली हाफ मॅरेथॉन ध्रुवीय रात्रीच्या दिवसांत होते. सूर्य क्षितिजावर येत नाही, धावायचं रस्त्यावर, दाबून घट्ट झालेल्या बर्फावरून. समुद्राच्या उबेमुळे तिथे कडाक्याची थंडी क्वचितच पडते, पण शून्याच्या आसपासचं तापमान म्हणजे निसरडेपणा आलाच. सायबेरियातल्या बैकल सरोवरावर मार्चमध्ये गोठलेल्या पाण्यावरून मॅरेथॉन होते. तिथे आडोसा म्हणून काही नसतं, खरा सामना वाऱ्याशी. अंटार्क्टिकातल्या युनियन ग्लेशियरवरची मॅरेथॉन चोवीस तास उजेड असणाऱ्या दिवसांत होते आणि पायाखाली हिमनदीवरचं दाबलेलं हिम असतं. लडाखमधल्या पॅंगाँग सरोवरावर २० फेब्रुवारी २०२३ रोजी पहिली हाफ मॅरेथॉन झाली. ते सरोवर समुद्रसपाटीपासून ४,२०० मीटरहून उंच आहे आणि तिथे हवेचा दाब सपाटीवरच्या साधारण साठ टक्केच असतो. अशा शर्यतीत बर्फाच्या आधी विरळ हवा माणसाला रोखते.

म्हणून नोंदणीआधी आयोजकांना विचारा. मार्गावर भुसभुशीत हिम आहे, दाबलेलं आहे की उघडा बर्फ? बुटांना खिळे लावणं सक्तीचं आहे, ऐच्छिक आहे की मनाई आहे? दोन मदतकेंद्रांत अंतर किती आणि तिथे गरम पेय असतं का? सुरुवातीआधी थांबायला बंदिस्त, गरम जागा आहे का? कपड्यांची पिशवी शेवटच्या रेषेपासून किती दूर मिळेल? हा शेवटचा प्रश्न फार कमी जण विचारतात. ओल्या अंगाने अर्धा किलोमीटर चालत पिशवी गाठावी लागणार असेल, तर तो शर्यतीचाच सगळ्यात धोक्याचा टप्पा ठरू शकतो.

शर्यत २,५०० मीटरच्या वर असेल तर आठवडाभर आधी पोहोचा. ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डोकेदुखी आणि मळमळ कायम असेल तर शर्यत विसरून खाली उतरा.

बारा आठवड्यांचा सराव

बर्फात किलोमीटरमागची मिनिटं हा हिशोब निकामी होतो. आज घट्ट असलेला मार्ग उद्या घोट्यापर्यंत रुततो आणि तेवढ्याच मेहनतीत वेग कितीतरी घटतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून सराव वेळेवर आणि दमावर मोजा. सोपं धावणं म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येईल एवढं, मध्यम म्हणजे चार-पाच शब्द सुटतील एवढं. मनगटावरचं घड्याळ थंडीत हृदयाचे ठोके चुकीचे दाखवतं, कारण त्वचेखालचं रक्त आटलेलं असतं. ठोक्यांवर सराव करायचा असेल तर छातीचा पट्टा वापरा.

पहिले चार आठवडे पाया घालायचा. आठवड्यात चार वेळा धावा: तीनदा सोपं, ४० ते ५० मिनिटं, आणि एकदा लांब, ७५ मिनिटांपासून सुरू करून दर आठवड्याला दहा-दहा मिनिटं वाढवत. शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. रस्त्यावर धावणारे लोक हा भाग टाळतात, पण बर्फात तो टाळून चालत नाही. पाय प्रत्येक पावलाला किंचित मागे किंवा बाजूला सरकतो आणि तो सावरायचं काम मांडीच्या आतले स्नायू, नितंबाच्या बाजूचे स्नायू आणि पोटरी करतात. शर्यतीनंतर दुसऱ्या दिवशी जांघ आणि पोटरी सगळ्यात जास्त ठणकते, ती यामुळेच. एका पायावर टाच उचलणं, बाजूला लंज (एक पाय बाजूला लांब टाकून गुडघ्यात वाकणं), एका पायावर वाकून उठणं, प्लँक (कोपरं आणि चवड्यांवर अंग सरळ तोलून धरणं) आणि बाजूचा प्लँक एवढं पुरेसं आहे. दात घासताना एका पायावर उभं राहा. ते सहज जमायला लागलं की डोळे मिटून तीस सेकंदांचा प्रयत्न करा, पण भिंत हाताशी ठेवून.

पाचव्या ते नवव्या आठवड्यात एक सोपं धावणं काढून त्या जागी मऊ जमिनीवरचं धावणं घ्या आणि दुसऱ्या एका दिवशी चढ: तीन मिनिटं मध्यम जोराने वर, सावकाश खाली, असे पाच ते आठ फेरे. लांब धावणं सव्वादोन ते अडीच तासांपर्यंत न्या. अंतर किती झालं ते बघू नका. बर्फात हाफ मॅरेथॉनला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागणार आहे आणि शरीराला तेवढा वेळ उभं राहण्याची सवय हवी.

शेवटच्या तीन आठवड्यांत धावण्याचा वेळ क्रमाने कमी करत आणा. शेवटच्या आठवड्यात तो निम्म्याहून कमी असू द्या. मात्र पूर्ण पोशाखात, शर्यतीच्या बुटांत, शर्यतीचंच खाणंपिणं घेऊन केलेली किमान दोन धावणी या काळाच्या आधीच झालेली असली पाहिजेत.

जवळपास बर्फच नसेल तर

कोरडी वाळू भुसभुशीत हिमाच्या सगळ्यात जवळ जाते. कडक जमिनीच्या तुलनेत वाळूत धावायला दीडपटीहून जास्त ऊर्जा लागते आणि पाय मागे सरकण्याचा अनुभवही तोच मिळतो. सुरुवातीला पंधरा मिनिटंच करा, पोटरीची नस दुखावायला वेळ लागत नाही. वाळू नसेल तर नांगरलेलं शेत, चिखलाची पायवाट, ओलं गवत. ट्रेडमिलचा चढ दमसास वाढवतो, पण तोल शिकवत नाही.

थंडीची सवय घरात लागत नाही. निदान पहाटेच्या सगळ्यात गार वेळी, वाऱ्यात, वाटतं त्यापेक्षा एक कपडा कमी घालून धावा. पहिली दहा मिनिटं गार वाटणं आणि मग बरं वाटणं, हा क्रम शरीराला आणि त्याहून जास्त मनाला ठाऊक व्हायला हवा.

सामानाची परीक्षा मात्र घरीच होते. फ्रीजचा फ्रीझर साधारण उणे १८ अंशांवर असतो. एनर्जी जेल, बार, पाण्याची बाटली, हातमोजे सगळं दोन तास त्यात ठेवा. बाहेर काढून बघा: बार दाताने तुटतो का, जेल पिळून निघतं का, बाटलीचं तोंड उघडतं का, आणि मोजे घातलेल्या हाताने हे सगळं करता येतं का. या एका प्रयोगात माझी खाण्याची अर्धी यादी बाद झाली.

बर्फावर पाय टाकण्याची रीत

पावलं आखूड आणि पटापट टाका. पाऊल शरीराच्या खाली पडावं, पुढे नाही. टाच पुढे आपटली की ती सरकतेच. मागच्या पायाने जोरात ढकलू नका, पाय नुसता उचला. कोपरं थोडी बाहेर, गुडघे किंचित वाकलेले, नजर तीन-चार मीटर पुढे. वळणाच्या आधी वेग कमी करा आणि मोठा गोलावा घ्या. वळणातच ब्रेक लावायला गेलात तर पाय निसटतात. उतारावर पावलं आणखी आखूड करा आणि मागे झुकू नका. मागे झुकलं की वजन टाचेवर जातं आणि माणूस पाठीवर पडतो.

बर्फ वाचायला शिकावं लागतं. कडाक्याच्या थंडीत, साधारण उणे १० च्या खाली, हिम पायाखाली करकरतं. तो आवाज आला की पकड चांगली आहे असं समजा. शून्याच्या जवळ आवाज जातो, वर पाण्याचा पापुद्रा धरतो आणि सगळ्यात जास्त घसरगुंडी होते. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेला भाग चकाकतो. डांबरावरचा पातळ काळा बर्फ नुसता ओल्या रस्त्यासारखा दिसतो. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे गुळगुळीत बर्फावर पडलेला ताज्या हिमाचा पातळ थर. पूल आणि झाडांच्या सावल्या इथे तो हमखास असतो. खोल भुसभुशीत हिमात पुढच्या धावपटूच्या पावलांतच पाऊल टाका, बरीच शक्ती वाचते.

पडणार आहात हे गृहीत धरा. हात ताठ करून जमिनीवर टेकवले की मनगट मोडतं. हात छातीशी घेऊन मांडी आणि कुल्ल्याच्या बाजूवर लोळण घ्या. मऊ गवतावर याचा चार-पाच वेळा सराव करून ठेवा, कारण पडताना विचार करायला वेळ नसतो.

बूट

भुसभुशीत हिमाला खोल दाते हवेत, ४ ते ६ मिलिमीटरचे, एकमेकांपासून दूर, म्हणजे मध्ये हिम अडकून राहत नाही. ट्रेल रनिंगचे बूट इथे उत्तम. पण उघड्या बर्फावर रबराचे दाते, कितीही खोल असले तरी, काही करू शकत नाहीत. तिथे धातूच रुततो: सोलमध्ये बसवलेली कार्बाइडची टोकं किंवा बुटावर चढवायचे साखळीचे खिळे. साखळीचे खिळे तीव्र चढ-उतारावर छान, पण लांब पल्ल्याला त्यांचा रबरी पट्टा बोटांवर दाब देतो आणि दाबलेली बोटं लवकर गारठतात. ते घालून दहा किलोमीटर तरी धावल्याशिवाय शर्यतीत वापरू नका. मिश्र मार्गासाठी मला कार्बाइडची टोकं असलेले बूट सगळ्यात विश्वासाचे वाटतात. फक्त मध्येच उघडा दगड किंवा फरशी आली तर जपा, धातू तिथे उलटा घसरतो.

माप अर्ध्याने मोठं घ्या. जाड मोजा घालून बूट घट्ट होत असेल तर तो मोजा ऊब देण्याऐवजी रक्तपुरवठा तोडतो. दोन मोजे कोंबण्यापेक्षा एक मध्यम जाडीचा लोकरीचा मोजा आणि आत बोटं हलवायला जागा, हे जास्त उबदार असतं. पाणी न शिरणारे बूट ओल्या चिखलमिश्रित बर्फात उपयोगी, पण वरून हिम आत गेलं की ते पाणी बाहेर पडत नाही. हिम घोट्याच्या वर असेल तर गेटर, म्हणजे बुटाचं तोंड आणि घोटा झाकणारं कापडी आवरण, लावा. आणि एक गोष्ट: बुटाच्या आतला फोम गारठ्यात कडक होतो. सुरुवातीला बूट लाकडासारखा वाटला तर घाबरू नका.

कपडे

नियम एकच: हवा आहे त्यापेक्षा दहा अंशांनी गरम आहे असं समजून कपडे घाला. सुरुवातीच्या रेषेवर तुम्हाला गार वाटलंच पाहिजे. तिथेच उबदार वाटत असेल तर एक कपडा काढा.

अंगालगतचा कपडा पातळ, घट्ट बसणारा, मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती कपडा नको, आतला बनियनसुद्धा नको. सुती कापड घाम धरून ठेवतं. त्यावर गरज असेल तरच पातळ फ्लीस. सगळ्यात वर वारा अडवणारं हलकं जाकीट, पुढे पूर्ण चेन असलेलं. ते पावसाळी जाकीट नसावं, कारण पाणी बाहेर ठेवणारं कापड घामही आत कोंडतं. माझा ढोबळ हिशोब असा: शून्य ते उणे ५ ला आतला कपडा आणि वरचं जाकीट. उणे ५ ते उणे १५ ला आतला कपडा थोडा जाड. त्याखाली तिन्ही थर आणि चेहरा झाकलेला. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. दर धावण्यानंतर तापमान, वारा, कपडे आणि घाम किती आला हे चार शब्दांत लिहून ठेवा. महिनाभरात तुमचं स्वतःचं कोष्टक तयार होईल आणि ते माझ्या हिशोबापेक्षा खरं असेल.

जाकिटाची चेन हा तुमचा थर्मोस्टॅट आहे. कपाळावर घाम जमतोय असं वाटताच चेन उघडा, टोपी वर सरकवा, हातमोजे काढून खिशात घाला. घाम आल्यावर नाही, येणार असं वाटताच. वारा समोरून आला की पुन्हा बंद. चांगला बर्फातला धावपटू शर्यतभर या खटपटी करत असतो.

हातांना पाच बोटांच्या मोज्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहणारे मिटन जास्त गरम. आत पातळ मोजा ठेवा, म्हणजे जेल उघडताना त्वचा उघडी पडत नाही. बोटं बधिर व्हायला लागली तर अंगठाही आत ओढून मूठ करा आणि हात खांद्यातून पवनचक्कीसारखे गोल फिरवा. रक्त बोटांपर्यंत फेकलं जातं आणि मिनिटभरात मुंग्या यायला लागतात. पुरुषांनी पुढच्या बाजूला वारा अडवणारी अंतर्वस्त्रं घालावीत, हा सल्ला कुणी सांगत नाही आणि समोरून वारा आला की तो फार महागात पडतो. स्त्रियांसाठी पातळ, लवकर वाळणारी स्पोर्ट्स ब्रा महत्त्वाची. जाड पॅड असलेली ओली ब्रा छातीवर गार पट्टीसारखी बसून राहते.

शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते, हे खरं नाही. डोकं त्याच्या आकाराच्या प्रमाणातच उष्णता सोडतं. पण कान आणि नाक हिमदंशाला पहिले बळी पडतात, म्हणून ते झाका. गळ्यातला बफ (नळीसारखा ताणला जाणारा रुमाल) तोंडावर ओढला की श्वासाने हवा थोडी गरम आणि दमट होते आणि खोकल्याचा त्रास कमी होतो. तो श्वासाने ओला होऊन गोठतो, म्हणून दुसरा कोरडा खिशात ठेवा. चेहऱ्याला व्हॅसलिन लावल्याने त्वचा फुटत नाही, पण हिमदंश त्याने टळतो असं मानू नका. धातूच्या बाळ्या, अंगठ्या काढून ठेवा. ऊन असेल तर गॉगल सक्तीचा समजा. ताजं हिम ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतं आणि काही तासांत डोळे भाजून निघतात. हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खाली सनस्क्रीन लावा, तिथे ऊन खालून येतं.

वाऱ्याचं गणित

हवामान अंदाजात तापमानाच्या आधी वारा बघा. उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे २० सारखं जाणवतं. आणि धावणारा माणूस स्वतःचा वारा स्वतः तयार करतो. ताशी २० चा वारा वाहतोय आणि तुम्ही ताशी १० ने धावताय, तर समोरून येताना तो ३० होतो आणि पाठीमागून असताना फक्त १०. म्हणजे एकाच मार्गावर जाताना उणे २० आणि परतताना उणे १५. म्हणून सरावात जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, कोरडे असताना. परतताना घामेजलेलं अंग आणि पाठीमागचा वारा असं जुळवा. उलट केलंत तर तासभराचा घाम घेऊन वाऱ्याच्या तोंडी उभे राहाल.

वाऱ्यासह जाणवणारं तापमान उणे २७ च्या खाली गेलं की उघडी त्वचा अर्ध्या तासाच्या आत गोठू शकते. अशा दिवशी सराव घरात करा. त्याने काहीही बिघडत नाही.

पाणी, खाणं आणि बॅटरी

थंडीत तहान मंदावते, पण पाणी जात राहतं: कोरडी हवा प्रत्येक श्वासाबरोबर ओलावा ओढते, घाम येतोच आणि गारठ्याने लघवीही जास्त होते. मदतकेंद्रावर दोन-चार घोट नियमाने घ्या. पोट डुचमळेपर्यंत मात्र पिऊ नका. बाटली कोमट पाण्याने भरा, थोडी साखर-मीठ घाला आणि जाकिटाच्या आत ठेवा. बाहेर ठेवायचीच असेल तर उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे तोंडाकडचं पाणी पातळ राहतं. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी पहिल्या पंधरा मिनिटांत गोठते, म्हणून घोट घेतल्यावर फुंकर मारून नळीतलं पाणी परत पिशवीत ढकला.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या, भूक नसली तरी. साखर संपली की हुडहुडी भरायलाही ताकद उरत नाही. जेल मिटनच्या आत, तळहाताशी ठेवा, खायच्या पाच मिनिटं आधी.

फोन शरीराजवळच्या खिशात, शक्यतो बंद करून. थंडीत बॅटरी अचानक मान टाकते आणि तुम्हाला तो फक्त संकटात लागणार आहे. गोठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. हेडलॅम्पमध्ये अल्कलाइनऐवजी लिथियमचे सेल घाला.

शर्यतीच्या दिवशी

सुरुवातीच्या वेळेच्या अडीच-तीन तास आधी पोटभर, ओळखीचं खाणं. आत थांबायची सोय असेल तर शेवटच्या क्षणापर्यंत आत राहा. वॉर्मअप दहा-बारा मिनिटांचा, हळूहळू चढणारा, आणि घामाच्या अलीकडे थांबणारा. दम्याची प्रवृत्ती असलेल्यांना हा सावकाश वॉर्मअप खरोखर उपयोगी पडतो. त्यांनी डॉक्टरांनी दिलेला इनहेलर अंगाजवळच्या खिशात ठेवावा. वॉर्मअपनंतर वर एक जुनं जाड जाकीट चढवा आणि दोन मिनिटं उरली असताना ते सोबतच्या माणसाकडे द्या. सोबत कुणी नसेल तर मोठी प्लॅस्टिकची पिशवी भोकं पाडून अंगावर घाला, ती वारा उत्तम अडवते. नंतर कचराकुंडीतच टाका, बर्फात नाही.

पहिले तीन किलोमीटर मुद्दाम हळू. हवा फुप्फुसांना टोचते, बूट कडक असतात, गर्दीत पायाखालचा बर्फ दिसत नाही आणि सगळ्यात जास्त लोक इथेच पडतात. मधले किलोमीटर दमाच्या अंदाजाने काढा. घड्याळातला वेग बघण्याची इच्छा होईल, पण त्यातून काहीच कळणार नाही. दर दोन किलोमीटरला स्वतःची तपासणी करा: बोटं हलतात का, पायाची बोटं जाणवतात का, नाक-गाल बधिर आहेत का, आतला कपडा ओला झालाय का. मदतकेंद्रावर पाणी घेऊन चालत राहा. उभं राहू नका, बसू तर मुळीच नका. पंधराव्या किलोमीटरनंतर दमून वेग पडणार असं दिसलं, तर वेग पडायच्या आधी चेन बंद करा, कोरडा बफ आणि हातमोजे चढवा आणि जेल खा. चालण्याची पाळी आली की शरीराची भट्टी निम्म्यावर येते, आणि या कपड्यांसाठी तेव्हा बोटं चालत नाहीत.

थांबायचं कधी

गालावर, नाकावर किंवा बोटांवर पांढुरका, मेणासारखा बधिर डाग दिसला तर ती हिमदंशाची सुरुवात आहे. स्वतःचा चेहरा स्वतःला दिसत नाही, म्हणून शेजारच्या धावपटूचा बघा आणि त्याला तुमचा बघायला सांगा. तो भाग उबदार तळहाताने नुसता झाका. चोळू नका, बर्फाने तर अजिबात नाही, त्याने आतल्या पेशी फाटतात. पाच-दहा मिनिटांत रंग आणि जाणीव परत आली नाही तर पुढच्या मदतकेंद्रावर थांबा.

हुडहुडी थांबत नसेल, जीभ जड होत असेल, पाय अडखळत असतील, चिडचिड किंवा विचित्र उदासीनता आली असेल, तर शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरत असल्याची ती खूण आहे. माणूस गारठलेला असूनही हुडहुडी बंद झाली, तर प्रकरण आणखी गंभीर. अशा वेळी तो 'मी ठीक आहे' म्हणतो. त्याचं ऐकू नका. आडोशाला न्या, ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण गुंडाळा, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्या आणि वैद्यकीय पथकाला बोलवा. हातपाय रगडू नका, मद्य देऊ नका.

रेषा ओलांडल्यावर

धावणं थांबल्यापासून अंगात साठलेली ऊब उतरायला काही मिनिटंच लागतात. पदक, फोटो, गळाभेटी नंतर. आधी पिशवी, आत शिरणं, कमरेवरचे सगळे ओले कपडे उतरवणं, कोरडा आतला कपडा, टोपी, मग जाड जाकीट, मग मोजे आणि बूट. पिशवी आदल्या रात्री याच क्रमाने भरा, सगळ्यात आधी लागणारी वस्तू सगळ्यात वर. बोटं काम करणार नाहीत हे धरून चला: बटणं, नाड्या असलेले कपडे नकोत, अंगावर ओढता येतील असेच हवेत. बुटाच्या नाडीवर बर्फ जमलेला असेल तर ओढाताण करण्यापेक्षा गरम कपाने ती वितळवा.

गरम पाण्याखाली लगेच उभे राहू नका, त्याने चक्कर येऊ शकते. आधी कपडे, गरम पेय, थोडं खाणं. पायाचं एखादं बोट अजून बधिर असेल आणि पुन्हा थंडीत जायचं नसेल, तर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवून ठेवा. पाण्याची ऊब दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्या, तुमच्या बधिर बोटांना चटका कळणार नाही. शेकोटी किंवा हीटरसमोर पाय धरणं याच कारणाने टाळा.

रात्री झोपण्याआधी उजेडात हातापायांची बोटं, कान, नाक नीट बघा. लालसरपणा आणि खाज एक-दोन दिवसांत जाते. पण फोड आले, त्वचा निळसर-काळी दिसली किंवा जाणीव परतली नाही, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठा, आणि फोड स्वतः फोडू नका.